नवरीची गाडी चार्जिंगला

रडून झालं होतं. आईच्या गळ्यात पडून झालं, दोन्ही काकूंच्या गळ्यात पडून झालं, शेजारच्या चंद्रभागाबाईच्या खांद्यावर डोकं टेकवून झालं. कुंपणाच्या भांडणावरून वर्षभर अबोला धरलेल्या विमलाबाईसुद्धा येऊन एक हुंदका देऊन गेल्या. मेघा सजवलेल्या गाडीत मागे बसली. शेजारी अंकुर बसला. तिच्या सासूबाई कुसुमताई पुढच्या सीटवर बसल्या. कोणीतरी चाकाखाली लिंबू ठेवलं. अंकुरचा मित्र नीलेश स्टिअरिंगवर होता. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी 'टक' म्हणाली.

बस, तेवढंच. टक.

नीलेशने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा टक. तिसऱ्या वेळी तर तेही नाही. समोरच्या वेगकाट्यावरचे दिवे मिणमिणले आणि मान टाकून बसले.

बाहेर उषाबाई, म्हणजे मेघाची आई, अजून रडत होती. बँडवाल्यांनी शेवटचा सूर लांबवून धरला होता. गाडी हलेना तसा तोही बेसूर होत होत थांबला. दिघोरीची अर्धी वस्ती मांडवाच्या तोंडाशी उभी राहून गाडीकडे बघत होती.

"काय झालं गा?" कोणीतरी विचारलं.

"बॅटरी उतरली वाटते," नीलेश काच खाली करायला गेला, पण काच बटणावरची. ती मात्र उतरेना. शेवटी त्याने दार उघडून तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

उतरणारच ना! सकाळी मोहाडीहून वरात आल्यापासून हा माणूस गाडीत बसून गाणी लावत होता. इंजिन बंद, गाणी चालू, वर दोन-तीन जणांचे फोन चार्जिंगला. वरमाला पडताना, जेवणाच्या पंगती उठताना, मांडवात भटजी मंत्र म्हणत असतानासुद्धा गाडीतून धपधप धपधप आवाज येत होता. मेघाने ते ऐकलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, उत्साही माणूस दिसतो. आता त्याच्या मानेकडे बघताना तिला दुसरंच काही वाटत होतं, पण नवरीने पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या मित्राला बोलायचं नसतं.

"धक्का मारा रे!" असं म्हणत पाच-सहा जण पुढे आले.

"अजी, ऑटोमॅटिक हाये," अंकुर आतून म्हणाला. "धक्क्यानं नाही होत चालू."

"अशी कशी गाडी घेतली जी, धक्क्यानं बी होत नाही?" एक म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत मागे गेला. अंकुरचे कान लाल झाले. गाडी त्याने दिवाळीत जुनी घेतली होती, पण घेतल्यापासून नव्यासारखी पुसत होता.

उपाय तसा सोपा होता. गावातल्या गोपीचंदची प्रवासी जीप बाजूलाच उभी होती. बॉनेट उघडायचं, वायरी जोडायच्या, गाडी चालू करायची. गोपीचंद वायरी घेऊन आलासुद्धा. नीलेशने बॉनेटचा खटका ओढला. उघडेना. घाईत त्याने पाय टेकवून जोराने ओढला आणि खटका तारेसकट त्याच्या हातात आला.

तो हातातल्या तुटक्या तारेकडे बघत राहिला. मेघाही मागून त्या तारेकडेच बघत राहिली. वैशाखातली दुपार होती. काचा बंद, थंड हवा बंद. अंगावर जरीचा शालू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा, डोक्यावर बाशिंग. रडताना काजळ ओघळलं होतं, ते आता घामाबरोबर आणखी खाली निघालं होतं.

"मी माझ्या जीपमधी सोडून देतो ना मोहाडीले," गोपीचंद म्हणाला. "बसा, चला."

"फुलायची गाडी सोडून नवरी जीपमधी?" कुसुमताई दार उघडून खाली उतरल्या. "आमच्या गल्लीत लोक वाट पाहून राहिले. अन् बसलेल्या गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत बसवाचं म्हनजे चांगलं नाही दिसत. वऱ्हाडाची बस तं गेली समोर. हीच गाडी दुरुस्त करा बाप्पा काही बी करून."

"आई, मी घरात बसू का तोवर?" मेघाने दारातून मान बाहेर काढून विचारलं.

उषाबाईने डोळे पुसले. "निघालेली पोरगी आज पुन्हा उंबऱ्याच्या आत येते का? बसून राहा तिथंच. होईन आता."

म्हणजे पुढे जायचं नाही आणि मागेही यायचं नाही. मेघाने चारही दारं उघडायला लावली आणि बसून राहिली.

दहा-पंधरा मिनिटांत मांडवाचा रंग बदलला. रडणाऱ्या बायका किती वेळ रडतील? एकीला भांडी आठवली, दुसरीला उरलेला भात. चंद्रभागाबाई तर गाडीजवळ येऊन मेघालाच विचारून गेली, "काओ, ते मोठं गंज कोनाकडून आनलं होतं आपन? वापस करा लागन." मघाशी हिच्याच खांद्यावर डोकं ठेवून मेघा गदगदली होती. आता तिने ते भाताचं मोठं पातेलं कोणाचं ते सांगितलं. पोरं उघड्या दारांतून डोकावून नवरी बघून जात होती. बँडवाले एकमेकांना विड्या देत होते.

आणि या सगळ्या गर्दीत बाबा अजून दिसत नव्हते.

हेच मेघाला सकाळपासून टोचत होतं. खरं म्हणजे सकाळपासून नाही, सोयरीक ठरली तेव्हापासून. श्रावणभाऊ, तिचे बाबा, तसे अबोल. पण माघ महिन्यात मोहाडीच्या कोशाच्या रेशमी साड्यांच्या दुकानवाल्यांचं स्थळ पक्कं झालं, तेव्हापासून ते तिच्याशी कामापुरतंही बोलेनासे झाले होते. कन्यादान केलं ते मान खाली घालून. आणि बिदाईच्या वेळेला गायबच. कोणी म्हणालं, मागे गेले. कोणी म्हणालं, तळ्यावर मोटर चालू राहिली, ती बंद करायला गेले. लेक निघायच्या वेळेला मोटर! ती सगळ्यांच्या गळ्यात पडली ते अर्धं तर वाट बघण्यासाठीच, की एवढ्यात येतील. नाही आले.

बाहेर बॉनेटभोवती माणसं जमली होती. कोणी म्हणे खालून तार घाला, कोणी म्हणे पहार लावा. पहार म्हटल्यावर अंकुर धावत गाडीसमोर जाऊन उभा राहिला. गोपीचंदने खाली झोपून पेचकस फिरवून पाहिला आणि कपडे झटकत उठला. "हात पोचत नाही जी. गॅरेजवालाच पाह्यजे."

"गॅरेज कुठं हाये?"

"लाखनीले."

म्हणजे मोहाडीच्या ज्या रस्त्याला ही गाडी जाऊ शकत नव्हती, त्याच रस्त्यावर. गॅरेजवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, दुकान सोडून येता येत नाही, गाडीच इकडे आणा.

तेवढ्यात अंकुरच्या डोक्यात आलं. "ते सिगारेट लायटरचं भोक असते ना समोर, ज्याच्यात आपन मोबाईलचं चार्जर घालतो, त्याच्यातून उलटी बॅटरी चार्ज होते. मी व्हिडिओत पाह्यलं. या गाडीतून त्या गाडीत वायर टाकाची. बॉनेट उघडाची गरजच नाही."

"मोबाईलच्या भोकातून गाडी चार्ज होईन?" गोपीचंदने विचारलं.

"वायर तं बॅटरीपर्यंतच जाते ना? जशी बाहेर येते तशी आत बी जाईन."

दुसरा काही इलाज कोणाकडेच नव्हता, म्हणून हा इलाज सगळ्यांना पटला. दोन्ही टोकांना लायटरची पिन असलेली वायर हवी होती. गोपीचंदच्या जीपमध्ये चाकात हवा भरायचा पंप होता, त्याची एक पिन मिळाली. दुसरी पिन त्याच्या डॅशबोर्डवरच्या छोट्या पंख्याची. पंख्याची वायर कापायची म्हटल्यावर गोपीचंदचं तोंड उतरलं. तो पंखा त्याने हौसेने आणला होता. पण इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? मांडववाल्याने चिकटपट्टी दिली. लालला लाल, काळ्याला काळी जोडली, वर पट्टी गुंडाळली. जीप अगदी खेटून लावली. एक पिन जीपमध्ये, एक पिन नवरीच्या गाडीत. किल्ली अर्धी फिरवून ठेवायची, म्हणजे या गाडीतल्या भोकाचा बॅटरीशी संबंध जुळतो, हे अंकुरने तीनदा सांगितलं. गोपीचंदने जीप चालू करून रेस दिली.

नवरीच्या गाडीतले काट्यावरचे दिवे जरा उजळले. "आली लाईट!" पोरं ओरडली.

आणि नीलेशला धीर निघेना. पाच मिनिटंही झाली नसतील, त्याने किल्ली पूर्ण फिरवली.

जीपमध्ये 'फट्' झालं. जळक्या प्लास्टिकचा वास आला. इकडचे दिवे पुन्हा विझले.

"काहून फिरवली किल्ली?" अंकुर ओरडला.

"चालू होते का पाहून राहिलो होतो!"

"एवढ्याशा वायरीतून इंजिन फिरते का? थोडी थोडी लाईन जाऊ द्याची, बॅटरी भरू द्याची, मंग वायर काढून मंग चालू कराची!"

"तं मंग आधी सांगाचं ना!"

"व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं!"

मेघाने डोळे मिटून घेतले. तिला हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं, नुसतं डोकं भणभणत होतं. जाहिरात छापलेल्या पुठ्ठ्याच्या पंख्याने स्वतःला वारा घेत असलेल्या कुसुमताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आत वाकून तिचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तू कायले चेहरा पाडतेस? आमच्या या दोघा पोरायचं बोलनं नेहमीच असं असते. सवय होईन." त्या 'सवय होईन'ने तर तिला आणखीच थकवा आला.

जीपचा फ्यूज उडाला होता. गोपीचंदने वायपरचा काढून तिथे बसवला. पावसाळा दूर होता. पुन्हा पिना घातल्या, पण आता नवरीच्या गाडीतली पिन ढिली बसायला लागली. जरा हलली की दिवे जात, दाबून धरली की येत. कोणीतरी ती दाबून बसणं भाग होतं. अंकुर पुढच्या सीटवर बसला, कोट घातलेला, गळ्यात हार, आणि अंगठ्याने पिन दाबून धरली. थोड्या वेळात घामाच्या धारा त्याच्या हनुवटीवरून पिनवर पडायला लागल्या.

"सरका जावई. मी धरतो."

श्रावणभाऊ आले होते. उषाबाईनेच कोणाला तरी पाठवून बोलावून आणलं असणार. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, पायाला चिखल. त्यांनी चपला बाहेर काढल्या, कारण गाडीत खाली नवी चटई होती, आणि अंकुर उठल्यावर त्याच्या जागी बसून पिनवर अंगठा ठेवला. मागे वळून पाहिलं नाही. अंकुर सुटल्यासारखा चिंचेच्या सावलीत गेला. कुसुमताई सरबत प्यायला मांडवात गेल्या. नीलेशला कोणी गाडीजवळ येऊ देईना.

गाडीत दोघंच राहिली. पुढे बाप, मागे लेक. बाजूला जीप घुरघुरत होती.

मेघाला बोलायचं नव्हतं. तिने ठरवलंच होतं. पण समोर ती ओली मान, त्यावरच्या सुरकुत्या आणि तो न वळणारा चेहरा इतका जवळ होता की तिला राहवलं नाही.

"झाली मोटर बंद?"

"झाली."

"उन्हाळी धान तं कापून झालं. मंग पानी कायले लावलं होतं?"

"भाजीच्या वाफ्यात."

"वांगे तं मागच्याच आठवड्यात उपटले तुम्ही. वाफे कोरडे हायेत."

श्रावणभाऊ तसेच अंगठा दाबून बसले.

"सगळे आले होते, बाबा. विमलाबाई आल्या. लोक इचारून राहिले, बाप कुठं हाये, बाप कुठं हाये. मी काय सांगाचं? मोटर बंद कराले गेले?"

"मले नाही पाहवत ते."

"मले पाहवत होतं का? मी तं मधात उभी होती!"

जीपच्या आवाजामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं आणि मोठ्याने बोललं की राग आणखी वाढत होता. चिंचेखालून अंकुरने एकदा इकडे पाहिलं. ती जरा खाली सरकली.

"सोयरीक पसंत नव्हती का तुमाले?"

"सोयरीक चांगली हाये."

"मंग तीन-चार महिने तोंड काहून फिरवून राहिले? पानी मागितलं तरी आईले मागता. मी समोर असली तरी आईले."

"दूर हाये," श्रावणभाऊ म्हणाले.

"काय?"

"मोहाडी दूर हाये म्हटलं. लाखांदूरचं स्थळ आलं होतं, थे जवळ होतं. सायकलनं जाता आलं असतं."

मेघा पुढे झुकली. चुडा सीटच्या पाठीवर आपटला. "हे आता सांगता? माघात मी सोता इचारलं होतं, बाबा, काय करू? तवा काय म्हटलं तुम्ही? 'तुमचं तुम्ही पाहा.' दूर हाये म्हनून तवा काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

"हो! म्हटलं असतं!"

"म्हनूनच नाही सांगितलं."

मेघा मागे टेकली. इतक्या दिवसांचा राग तिने मोठ्या मेहनतीने जमवून ठेवला होता, आणि आता त्याला ठेवायला जागाच उरली नाही. या माणसाशी भांडायचं तरी कसं? बोलत नाही म्हणून चिडावं, आणि बोलला तर असं काहीतरी बोलतो की पुढचं वाक्यच सापडत नाही. तिला चिडून तीन-चार गोष्टी एकदम म्हणायच्या होत्या. माझ्या वतीने तुम्ही कशाला ठरवलं, निदान आईला तरी सांगायचं, आणि मोहाडी काही दिल्लीला नाही, मी येईन की. पण कुठून सुरुवात करावी?

"लाईन गेली! लाईन गेली!" गोपीचंद जीपमधून ओरडला.

श्रावणभाऊंचा अंगठा निसटला होता. पिन तापली होती. त्यांनी हात झटकला, दुसऱ्या हाताचा अंगठा लावला. दिवे पुन्हा आले.

"पोळलं का?"

"नाही."

"दाखवा."

"नाही म्हटलं ना. तू बस नीट."

मेघाने कमरेला खोचलेला हातरुमाल काढला, त्याची घडी केली आणि सीटच्या मधून पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला, पिनेवर ठेवला आणि वरून दाबलं. तळ्याकडून गरम वारा येत होता. गाडीवरची झेंडूची माळ सुकून काचेवर लोंबायला लागली होती.

"अंकुरराव बरे वाटतात," श्रावणभाऊ मधेच म्हणाले.

"तुमाले काय माहीत? एक शब्द तं बोलले नाही त्यायच्याशी."

"मघाशी पिन धरून बसले होते. कोटाच्या बाहीनं घाम बी नाही पुसला, हात हलन म्हनून."

मेघाने चिंचेखाली पाहिलं. अंकुर जीपमधून उतरून आलेल्या गोपीचंदला काहीतरी समजावत होता. बहुतेक वायर कापलेल्या पंख्याबद्दल.

पाऊण तास झाला असेल. शेवटी अंकुर आणि गोपीचंदने मिळून ठरवलं की आता पाहावं. कुसुमताई मांडवातून आल्या आणि पुढची सीट भरलेली पाहून मागेच मेघाशेजारी बसल्या. दुसऱ्या बाजूने अंकुर चढला. नीलेशला स्टिअरिंगवर बोलावलं, पण त्याआधी अंकुरने त्याला बजावलं, "बाबांनी पिन काढली, की मंग. त्याच्या आधी किल्लीले हात नाही लावाचा."

श्रावणभाऊंनी पिन काढली. वायर उघड्या दारातून बाहेर टाकली. नीलेशने देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली. गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला, कण्हली, आणि चालू झाली.

लोकांनी एकच गिल्ला केला. बँडवाल्यांनी विड्या टाकून वाद्यं उचलली, पण त्यांचा पहिला सूर निघायच्या आतच कुसुमताई ओरडल्या, "निघ नीलेश, निघ! पुन्हा बंद पडन!" आणि आधीच धास्तावलेल्या नीलेशने गाडी अशी काढली की लिंबू चेंगरलं, मांडवाची एक झालर आरशाला अडकून तुटली आणि उषाबाई पुन्हा रडायला पदर वर करेपर्यंत गाडी वळणावर होती.

श्रावणभाऊ पुढच्या सीटवर तसेच बसलेले होते.

"अरे थांबव गा, मले उतराचं हाये," ते म्हणाले.

"थांबवू नको!" कुसुमताई म्हणाल्या. "इवाई, गाव ओलांडू द्या जरा. मंग उतरा तळ्याच्या पारीवर."

तळ्याची पार, म्हणजे गावाबाहेरचा बांध, आली. नीलेशने भीतभीत गाडी हळू केली. इंजिन नीट चालत होतं. "उतरता का बाबा?"

श्रावणभाऊंनी समोर पाहिलं. पारीवरून गाव अगदी जवळ दिसत होतं, दहा मिनिटांत पायी परत गेले असते. ते म्हणाले, "चाल समोर. फाट्यावर उतरतो."

फाटा आला. तिथे त्यांनी फक्त हाताने पुढे चल अशी खूण केली. मागे कुसुमताईंनी मेघाकडे पाहिलं. मेघाने खिडकीबाहेर पाहिलं. लेकीच्या वरातीबरोबर बाप जात नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुसुमताई मात्र सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "असू दे. लाखनीले गाडी दाखवाची हाये, मानसं जास्त असली तं बरं."

थोड्या वेळाने मेघाच्या पर्समधला फोन वाजला. उषाबाई होती. "तुहे बाबा गाडीत हायेत का? हायेत? त्यायले म्हन, मांडववाला थांबला, आचारी थांबले, पाहुने थांबले, अन् तुम्ही वरातीत गेले? सोबत तरी काही नेलं का? चपला इथंच पडून हायेत!"

मेघाने फोन पुढे केला. श्रावणभाऊंनी तो कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं, "येतो" म्हणाले आणि परत दिला.

लाखनीला हायवेच्या कडेला गॅरेजवाल्याने गाडीखाली शिरून आकड्याने बॉनेट उघडलं. बॅटरी म्हातारी झाली होती. नीलेशच्या गाण्यांनी तिला फक्त शेवटचा धक्का दिला होता. नवी बसवायला वेळ लागणार होता. श्रावणभाऊ तापलेल्या डांबरावर एक पाय उचलत, एक टेकवत उभे होते. अंकुर समोरच्या दुकानातून रबरी चपला घेऊन आला. जरा मोठ्याच होत्या. त्यांनी नाही नाही म्हटलं आणि घातल्या. मग टपरीवर दोघांनी चहा घेतला. काय बोलले ते मेघाला ऐकू आलं नाही. ट्रकांच्या आवाजात तिला फक्त दिसलं की आधी अंकुर बोलत होता आणि नंतर, कितीतरी वेळ, बाबा बोलत होते.

माझ्याशी नाही एवढं बोलले कधी, असं तिच्या मनात आलं आणि ती चिडली. तशीच गाडीतून उतरली.

दिघोरीवरून जाणारी लाखांदूरची बस लागली होती. कंडक्टर दारावर हात आपटत होता. मेघा शालू वर धरून पोचली तोवर श्रावणभाऊ पायरीवर होते.

"घरी गेल्यावर आधी जेवा," ती म्हणाली. "कन्यादानाचा उपास हाये तुमचा, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही."

"हो."

"अन् आईले नीट बोला. तिनं एकटीनं सगळं पाह्यलं."

"हो."

"बाबा..."

"चला चला, आत व्हा!" कंडक्टरने घंटी ओढली. श्रावणभाऊ आत गेले. खिडकीतली एक म्हातारी बाशिंग बांधलेल्या पोरीकडे डोळे फाडून बघत म्हणाली, "अवो बाई, नवरी कुठं चालली?"

"नवरी नाही, नवरीचे बाबा चालले," मागून धापा टाकत आलेला अंकुर म्हणाला.

मेघाने खिडक्यांवरून नजर फिरवली. बाबा या बाजूला नव्हतेच. पलीकडच्या बाजूला जाऊन बसले होते. तिच्या तोंडून रागाने "अगा माय" निघालं. बस हलायला लागली होती. ती बसच्या मागून वळसा घालून पलीकडे धावली, हायवेवर. एका ट्रकने भोंगा वाजवला, अंकुर "मेघा!" म्हणून ओरडला. तिने बसच्या पत्र्यावर हात मारला. चुड्यातली एक बांगडी फुटली.

"बाबा! इकडे पाहा ना!"

श्रावणभाऊंनी पाहिलं. या वेळी मान फिरवली नाही. डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी काहीतरी म्हटलं, पण बस तोवर वेग घेत होती. मेघाला ओठ हललेले दिसले, शब्द पोचला नाही.

"काय म्हटलं?" ती ओरडली. "काय म्हटलं, बाबा?"

बस वळणावर गेली. मेघा रस्त्याच्या मधल्या पट्टीवर उभी होती. दोन्ही बाजूंनी ट्रक चालले होते. पलीकडे अंकुर हात हलवून 'थांब, मी येतो' असं सांगत होता आणि त्यालाही रस्ता ओलांडता येत नव्हता. ती शालूचा घोळ मुठीत गोळा करून, गाड्यांची रांग तुटायची वाट बघत उभी राहिली.